गव्हांकुर : घरी कसे वाढवावेत आणि घरातल्या आजारी माणसाला देताना काय लक्षात ठेवावे



आजचा पाठ विज्ञानाचा आहे, पण तो स्वयंपाकघरापर्यंत आणि आजारी माणसाच्या खाटेपर्यंत जाणारा आहे. घरात कुणाला मोठा आजार निघाला की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, "गव्हांकुराचा रस सुरू करा, फार गुणकारी आहे." सांगणारा मनापासून सांगतो. पण गहू कुठला घ्यायचा, तो कसा वाढवायचा, बुरशी आली तर काय करायचं, कुणाला रस अजिबात द्यायचा नाही, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. माझ्या मिस्टरांच्या आजारपणात आमच्या गॅलरीत काही महिने गव्हांकुराचे ट्रे होते. शिवाय बियांचं अंकुरण मी वर्गात शिकवतेच. म्हणून या दोन्ही बाजू एकत्र करून हा लेख लिहिते आहे.

या लेखात आपण पाहणार आहोत : गव्हांकुर म्हणजे काय, ते वाढतात कसे, घरी वाढवण्याची कृती, रसात काय असतं आणि काय नसतं, आणि जोडीदाराची सेवा करताना या रसाला किती महत्त्व द्यायचं.

१) गव्हांकुर म्हणजे काय?

गहू हे गवतच आहे, हे आपण विसरतो. ज्वारी, बाजरी, भात, ऊस, बांबू आणि गणपतीच्या दूर्वा ही सगळी एकाच तृणकुळातली मंडळी. गव्हाचा दाणा पेरल्यावर सात ते दहा दिवसांत जी वीतभर हिरवी पाती येतात, त्यांना आपण गव्हांकुर म्हणतो. या वेळी रोपाला ना कांडी धरलेली असते, ना ओंबी. नुसतं कोवळं पातं असतं.

मोड आलेले गहू आणि गव्हांकुर यांत गल्लत करू नका. मोड आलेल्या गव्हात आपण दाणा खातो. गव्हांकुरात दाणा आणि मूळ मातीतच राहतात, आपण फक्त पातं कापून घेतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

२) दाण्याच्या आत काय घडतं?

गव्हाचा दाणा म्हणजे भरलेला डबा. बाहेर कोंड्याचं आवरण, आत पिष्टमय पदार्थांचा मोठा साठा, त्याला आपण भ्रूणपोष म्हणतो, आणि एका टोकाला इवलासा भ्रूण. दाण्याच्या वजनात भ्रूणाचा वाटा अगदी दोन-तीन टक्के. बाकी जवळजवळ सगळी त्याची शिदोरी.

दाणा पाण्यात भिजला की भ्रूण जागा होतो. तो एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे कोंड्याच्या आतल्या थरात विकरं तयार होतात आणि ती पिष्टाचं साखरेत रूपांतर करतात. ही साखर खाऊन आधी मूळ बाहेर येतं, मग कोंब. मोड आलेले गहू चावून पाहिले तर किंचित गोड लागतात, ते याचमुळे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. पहिले आठ-दहा दिवस रोप स्वतःच्या शिदोरीवरच जगतं. त्याला खत लागत नाही. म्हणून गव्हांकुराच्या ट्रेत रासायनिक खत टाकू नका आणि ताजं शेणखत तर मुळीच नको. शेणातले रोगजंतू पात्यावर येतील आणि तेच आपण आजारी माणसाला कच्चं पाजू.

दुसरी गोष्ट. गवत शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. म्हणून कापल्यावर ते पुन्हा फुटतं. पण दाण्यातली शिदोरी संपत आलेली असते, त्यामुळे दुसरी कापणी विरळ येते आणि तोपर्यंत बुडाला बुरशी धरण्याची शक्यता वाढते. आजारी माणसासाठी पहिलीच कापणी घ्यावी.

३) घटातले पिवळे आणि ट्रेतले हिरवे

नवरात्रात आपल्याकडे घट बसतात. पत्रावळीवर माती पसरून त्यात गहू किंवा इतर धान्य पेरतात, मधोमध घट ठेवतात. दसऱ्यापर्यंत धान चांगलं वीतभर वाढतं आणि पुरुषमंडळी ते टोपीत खोवतात. ते धान पिवळसर का असतं, असं कधी मनात आलंय?

देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी असतो. गव्हासारख्या सपुष्प वनस्पतीत हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्याला प्रकाश लागतोच. उजेड नसेल तर पातं वाढतं, उलट उजेडाच्या शोधात जास्तच उंच आणि लुसलुशीत होतं, पण हिरवं होत नाही. तेच धान उजेडात ठेवा, एका दिवसात रंग बदलू लागतो.

म्हणजे गव्हांकुर वाढवणं ही आपल्या घरांना नवीन विद्या नाही. आजीने दरवर्षी केलेलंच हे काम आहे. फक्त घट देवघरातून गॅलरीत आणायचा.

४) साहित्य

• गहू : खायचा गहू घ्या. लोकवन, शरबती, खपली, कुठलाही चालेल. मात्र कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं घेऊ नका. त्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंगही दिलेला असतो. घरात साठवणीच्या गव्हाला बोरिक पावडर किंवा कीड लागू नये म्हणून इतर काही औषध लावलं असेल तर तोही गहू नको. साधा, औषध न लावलेला गहू दुकानदाराला विचारून आणा.

• ट्रे : बुडाला भोकं असलेला कुठलाही पसरट ट्रे. फळांच्या दुकानातली प्लास्टिकची चपटी खोकी, जुन्या थाळ्या, मिठाईचे डबे, सगळं चालतं. भोकं मात्र हवीतच, पाणी साचलं की मूळ कुजतं.

• माती : स्वच्छ, चाळलेली, भुसभुशीत, दोन-तीन सेंटिमीटर थर पुरतो. मातीऐवजी कोकोपीट घेतलं तरी चालतं. शिदोरी दाण्यातच असते, हे आपण वर पाहिलंच.

• फवारणीची बाटली, सुती कापड, कात्री, आणि पिण्यायोग्य पाणी.

एक महत्त्वाची सूचना. गहू नाही म्हणून ज्वारी पेरू नका. ज्वारीच्या कोवळ्या रोपात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात, गावाकडे त्याला किराळ लागणं म्हणतात. दिसायला दोन्ही गवतंच, पण रसाच्या बाबतीत ज्वारीला हात लावायचा नाही.

५) कृती

पहिला दिवस : एका लहान वाटीभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम गहू निवडून घ्या. फुटके दाणे काढून टाका, कारण फुटका दाणा उगवत नाही, कुजतो आणि शेजारच्याला बुरशी देतो. दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास भिजत घाला.

दुसरा दिवस : पाणी काढून टाका. गहू पुन्हा धुऊन ओल्या सुती कापडात बांधून ठेवा. मटकीला मोड आणतो तसंच. संध्याकाळी एकदा धुवा. पांढरं टोक दिसलं की पेरायला तयार.

तिसरा दिवस : ट्रेत माती पसरून ओली करा. दाणे एकमेकांना लागून पण एकावर एक न चढता पसरा. हलक्या हाताने दाबा. वर मातीचा पातळ थर द्या किंवा नुसतं ओलं कापड, वर्तमानपत्र झाका. ट्रे सावलीत ठेवा.

चौथा, पाचवा दिवस : सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की झाकण काढा. या वेळी ते पिवळट दिसतील, घाबरू नका.

सहाव्या दिवसापासून : उजेडाच्या जागी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं कडक नको. पाणी आता पात्यावर न फवारता बुडाशी द्या. हवा खेळती ठेवा.

नवव्या-दहाव्या दिवशी : पातं पंधरा ते अठरा सेंटिमीटर झालं की कापायचं. मातीपासून एक-दीड सेंटिमीटर वर कात्री चालवा, म्हणजे माती आणि दाणा पात्याबरोबर येणार नाही.

ऋतूप्रमाणे फरक पडतो. गहू हे रब्बीचं पीक, त्याला गारवा मानवतो. थंडीत वाढ सावकाश पण जोमदार होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ट्रे घरात, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा बुरशीशी खरी झुंज असते. दाणे थोडे विरळ पेरा आणि पंख्याचा हलका वारा लागू द्या.

किती ट्रे हवेत? हिशेब सोपा आहे. पेरल्यापासून कापेपर्यंत जितके दिवस लागतात तितके ट्रे ठेवले आणि रोज एक पेरला, तर रोज एक कापायला मिळतो. सात दिवस लागत असतील तर सात ट्रे. आपल्याकडे सात कुंड्या ठेवायला सांगतात, त्यामागचं गणित हेच. पण सात कुंड्या ठेवायलाच हव्यात असं नाही. एक दिवसाआड रस पुरत असेल तर चार ट्रेत भागतं. आजारी माणूस घरात असताना कामं आधीच ढीगभर असतात. जमेल तेवढंच करा.

६) बुरशी की मूळरोम?

पेरल्यावर दोन-तीन दिवसांत दाण्याभोवती पांढरी मऊ लव दिसते आणि नवशिके सगळा ट्रे फेकून देतात. दर वेळी ती बुरशी नसते. मुळांवर पाणी शोषणारे बारीक केस असतात, ते मूळरोम. ओळखायची खूण अशी :

• पाणी फवारल्यावर लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली, ती फक्त मुळावरच आणि सगळीकडे सारखी होती, वासही नव्हता, तर ते मूळरोम.

• कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरलेली, पाणी मारूनही तशीच राहिलेली, करडी, निळसर, काळी किंवा गुलाबी, आणि कुबट वास येणारी, तर ती बुरशी.

बुरशी असेल तर "वरचं वरचं कापून घेऊ" असं करू नका. निरोगी माणसाचं एक वेळ निभावेल, पण आपण रस ज्याच्यासाठी करतोय त्याची प्रतिकारशक्ती आधीच उणी झालेली असते. तो ट्रे सरळ कंपोस्टात घाला. शंभर ग्रॅम गव्हाची किंमत ती काय!

७) रस काढणं

कापलेली पाती भांड्यात घेऊन तीन-चार वेळा स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. बारीक चिरा. मिक्सरच्या भांड्यात थोडं पाणी घालून फिरवा आणि सुती कापडातून पिळून घ्या. मिक्सर नसेल तर पाटा-वरवंटा आहेच, फक्त तो आधी चांगला धुवा, मिरची वाटलेली असते! हाताने फिरवायचं रसयंत्रही मिळतं. तंतुमय गवतातून त्याने रस जास्त निघतो, पण फक्त यासाठी ते विकत घेण्याची घाई नको.

रस काढला की लगेच द्यायचा. तो ठेवला की रंग काळपटतो, वास बदलतो आणि उबेत जंतू वाढतात. सुरुवातीला एक-दोन चमचेच. नेहमीचं प्रमाण म्हणजे ३० मिलीलीटर, औषधाची लहान टोपी दोन-तीनदा भरेल इतकं. रिकाम्या पोटी पुष्कळ रस घेतला तर मळमळतं. चव उग्र, गवतासारखी आणि किंचित गोड असते.

८) हा रस आला कुठून?

गव्हाचं कोवळं गवत पौष्टिक म्हणून वापरण्याचा आधुनिक प्रघात अमेरिकेतून आला. १९३० च्या दशकात चार्ल्स श्नाबेल या कृषी-रसायनशास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या खाद्यात वाळवलेलं कोवळं गवत मिसळून पाहिलं आणि पुढे माणसांसाठीही त्याची भुकटी आणली. नंतर मूळच्या लिथुआनियाच्या, बॉस्टनमध्ये स्थायिक झालेल्या ॲन विग्मोर (१९०९–१९९४) यांनी घरी ट्रेमध्ये गवत वाढवून ताजा रस पिण्याचा प्रचार केला. आज आपल्याकडच्या निसर्गोपचाराच्या पुस्तकांत जी पद्धत दिसते, तिच्यावर त्यांची छाप आहे. मात्र रोग बरे होण्याचे त्यांचे काही दावे इतके मोठे होते, की १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी वकिलांनी त्यांच्यावर खटले भरले. गवताची लोकप्रियता आणि गवताचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात ठेवू.

९) रसात काय असतं, काय नसतं?

तुम्ही ऐकलं असेल की गव्हांकुराचा रस म्हणजे "हिरवं रक्त". यामागचं कारण असं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला हीम हा घटक आणि वनस्पतीचं हरितद्रव्य यांची रेणूरचना खरोखरच सारखी दिसते. दोघांतही नायट्रोजन असलेलं कडं असतं. फरक मध्यभागी आहे. हीममध्ये लोह, हरितद्रव्यात मॅग्नेशिअम. या दोन्ही रचनांवरच्या संशोधनासाठी जर्मन शास्त्रज्ञ हान्स फिशर यांना १९३० चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण दिसायला सारखं म्हणजे कामाला सारखं नव्हे. आपलं शरीर हरितद्रव्यातला मॅग्नेशिअम काढून तिथे लोह बसवत नाही. हिमोग्लोबिन अस्थिमज्जेत तयार होतं. त्याला लोह, प्रथिनं, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ लागतं. हिरवं पिऊन लाल होत नाही.

मग रसात असतं काय? बरंचसं पाणी, थोडी जीवनसत्त्वं, थोडी खनिजं, हरितद्रव्य. वजनाला वजन लावलं तर पोषणमूल्य पालकासारख्या पालेभाजीच्या आसपासच. ३० मिलीलीटर रसात प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. म्हणजे आजारी माणसाचं वजन उतरत असेल तर त्याला आधी खिचडी, वरण-भात, अंडं, दही-पनीर, शिजवलेली भाजी गेली पाहिजे. रसाने पोट भरलं आणि जेवण राहिलं, तर तोटाच.

१०) वर्गातला प्रयोग आणि त्यातून शिकायची गोष्ट

हा प्रयोग सातवी-आठवीच्या वर्गात सहज होतो. तीन वाट्या घ्या. तिन्हींत सारखी माती, सारखे वीस दाणे, सारखं पाणी. पहिली वाटी उजेडात, दुसरी खोक्यात अंधारात, तिसरी पाच दिवस अंधारात आणि मग उजेडात. रोज उंची मोजा, रंग लिहा. अंधारातलं रोप उंच पण पिवळं, उजेडातलं ठेंगणं पण हिरवं, आणि तिसरं आधी पिवळं मग हिरवं दिसेल.

आता मुलांना विचारा : आपण फक्त पहिलीच वाटी ठेवली असती तर "उजेडामुळे हिरवं झालं" असं म्हणता आलं असतं का? नाही. कदाचित माती, पाणी, हवा यांपैकी कशाने तरी झालं असेल. दुसरी वाटी होती म्हणून कळलं. तिला आपण तुलनेची वाटी म्हणू.

हेच आजारपणाला लावा. "अमक्याने गव्हांकुर घेतले आणि तो बरा झाला," ही एकच वाटी आहे. त्याने शस्त्रक्रिया केली, केमो घेतली, औषधं घेतली, विश्रांती घेतली, घरच्यांनी सेवा केली. कशाने काय झालं, हे एका माणसावरून सांगता येत नाही. माझे मिस्टर मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून बाहेर आले, आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. त्यांना रसाने बरं केलं असं मी कुणाला सांगत नाही. कारण ते ऐकून कुणी केमो टाळली, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

तुलनेच्या वाट्या ठेवून थोडे अभ्यास झाले आहेत. २००२ साली इस्रायलमध्ये मोठ्या आतड्याच्या व्रणांच्या एका विकारात (अल्सरेटिव्ह कोलायटिस) वीस-पंचवीस रुग्णांवर महिनाभर रस देऊन पाहिला आणि त्रास काहीसा कमी आढळला. २००७ मध्ये तिथेच स्तनाच्या कर्करोगाची केमो घेणाऱ्या साठ स्त्रियांवर प्राथमिक अभ्यास झाला. रक्तपेशींवर होणारे केमोचे दुष्परिणाम रसाने कमी होऊ शकतील, अशी शक्यता त्यात दिसली. २००४ मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेत थॅलेसेमियाच्या मुलांवर छोटा अभ्यास झाला. त्यात काही मुलांना रक्त कमी वेळा चढवावं लागलं, पण नंतर गव्हांकुराच्या गोळ्यांवर झालेल्या दुसऱ्या एका भारतीय अभ्यासात तसा फायदा दिसला नाही.

या सगळ्याचा अर्थ काय? अभ्यास थोडे, लहान आणि एकमेकांशी न जुळणारे. रसाने कर्करोग बरा होतो, असं यातल्या एकानेही दाखवलेलं नाही. रस हा फार तर उपचाराच्या सोबतचा. उपचाराच्या जागी तो बसत नाही.

११) कुणाला देऊ नये? डॉक्टरांना काय विचारावं?

• केमो चालू असताना पांढऱ्या पेशी, म्हणजे ज्याला दवाखान्यात "काउंट" म्हणतात, त्या खाली जातात. बहुतेक औषधांत डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास हा काळ येतो. तेव्हा कच्चे, न शिजवलेले पदार्थ धोक्याचे. ओलाव्यात आणि उबेत वाढलेलं कुठलंही कच्चं धान्य किंवा गवत यात येतं. मोड आलेले दाणे तर नकोच, रसही नको.

• मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम मोजूनमापून द्यावं लागतं. हिरव्या पाल्याच्या रसात ते असतंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको.

• वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व त्यांच्या विरुद्ध काम करतं.

• गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असेल तर टाळावं. ग्लुटेन पात्यात नसून दाण्यात असतं हे खरं, पण कापताना दाण्याचा अंश येऊ शकतो.

डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. "ते रागावतील," म्हणून बरेच जण लपवून रस देतात. तसं करू नका. एका कागदावर तीन प्रश्न लिहून न्या : सध्याच्या रिपोर्टप्रमाणे कच्चा रस चालेल का? चालू औषधांपैकी कशाशी त्याचं वाकडं आहे का? कोणत्या दिवसांत पूर्ण बंद ठेवायचा? मिस्टरांच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "काउंट चांगला असेल त्या आठवड्यात दोन चमचे घ्यायला हरकत नाही, बाकी दिवस नको. आणि जेवण आधी." आम्ही तेच पाळलं. बंद ठेवायच्या दिवसांतलं गवत शेजारच्या गल्लीतल्या म्हशीला जायचं.

१२) जोडीदार आणि आपण

आता पाठाचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग.

जोडीदार आजारी पडला की आपल्या हातात फार थोडं उरतं. औषध डॉक्टर ठरवतात, रिपोर्ट लॅबमधून येतात, तारखा दवाखाना देतो. अशा वेळी ट्रेला पाणी घालणं हे आपल्याला करता येण्यासारखं एक काम असतं. ते मनाला धरून ठेवतं. हे खोटं नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण ते काम कुणासाठी चाललंय, हे अधूनमधून स्वतःला विचारावं.

आमच्याकडे एकदा असं संभाषण झालं :

"अहो, थोडा तरी घ्या ना."

"अगं, वासानेच नको होतंय. पण तुला बरं वाटणार असेल तर घेतो."

त्या उत्तरावर विचार करा. आजारी माणूस माझ्या समाधानासाठी गिळणार होता. केमोच्या काळात तोंडाची चव जाते, वास सहन होत नाहीत. अशा माणसाला पेला घेऊन मागे लागणं ही सेवा राहत नाही. मी पेला बाजूला ठेवला आणि ताकात जिरेपूड घालून दिली. ते ताक त्यांनी आवडीने घेतलं. जे आवडीने जातं ते अंगी लागतं.

पण ट्रे मात्र त्यांना आवडू लागले. रस नको होता, तरी सकाळी खुर्ची घेऊन गॅलरीत बसायचे, फवारणीची बाटली त्यांच्या हातात. कोणता ट्रे किती वाढला ते पट्टीने मोजून वहीत लिहायचे. दिवसभर सगळे ज्याची काळजी घेतात, त्याला कशाची तरी काळजी घेता आली. म्हणून माझा सल्ला असा, की प्रकृती परवानगी देत असेल तर ट्रेचं सोपं काम आजारी माणसाकडे द्या. फक्त काउंट कमी असताना मातीत हात नको, तेव्हा नुसतं पाहायचं आणि मोजायचं.

आणि सेवा करणाऱ्यासाठी चार गोष्टी :

• कामांची यादी करा आणि क्रम लावा. औषधांच्या वेळा, जेवण, झोप, दवाखाना, मग बाकी सगळं. गव्हांकुर या "बाकी सगळं" मध्ये येतात. एखाद्या दिवशी ट्रे वाळले तर वाळू द्या.

• येणारे-जाणारे सल्ले देतील. "करून पाहू, डॉक्टरांना विचारू," एवढं म्हणा आणि चहा द्या. वाद घालायला ताकद वाया घालवू नका.

• रसाची भुकटी, गोळ्या, महागडी यंत्रं यांवर उपचाराचा पैसा खर्च करू नका. बरे करण्याची खात्री देणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

• स्वतः जेवा, झोपा, आणि मदत मागा. दीर, नणंद, भाऊ, शेजारी, शाळेतले सहकारी, कुणालाही. "मी एकटी करेन," याचं कौतुक होतं, पण अंगावर येतं. तुम्ही आडवे पडलात तर दोघांचंही अडेल.

थोडक्यात सांगायचं तर, स्वच्छ गहू, भोकाचा ट्रे, कोवळा उजेड आणि बुरशीवर नजर, एवढ्यात गव्हांकुर छान वाढतात. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि आजारी माणसाला हवा असला तर दोन-चार चमचे रस द्या. दोघांपैकी एकही "नाही" असेल तर देऊ नका. हिरवा ट्रे गॅलरीत तसाच राहू द्या, बघायलाही तो बरा वाटतो.

स्वाध्याय

१. घटातलं धान पिवळं आणि गॅलरीतलं हिरवं का होतं? दोन-तीन वाक्यांत लिहा.

२. गव्हांकुरांना पहिल्या आठ दिवसांत खत का लागत नाही?

३. मूळरोम आणि बुरशी यांतले तीन फरक सांगा.

४. पेरल्यापासून कापणीपर्यंत आठ दिवस लागतात आणि एक दिवसाआड रस हवा आहे. किती ट्रे लागतील? हिशेब मांडा.

५. "माझ्या काकांना या रसाने बरं वाटलं," या वाक्यावरून रस गुणकारी आहे असं सिद्ध होतं का? तुलनेच्या वाटीचा आधार घेऊन उत्तर लिहा.

६. उपक्रम : तीन वाट्यांचा प्रयोग करा, दहा दिवसांची नोंदवही ठेवा. घरात कुणी आजारी असेल तर त्यांना शेजारी बसवून उंची मोजायला सांगा.

तुमच्या नोंदी वर्गात आणा, आपण त्यांचा आलेख काढू. आणि घरी कुणाची सेवा करत असाल, तर आज रात्री वेळेवर झोपा.